तळाला तीन भोकं

"तेल नाही देणार," काका म्हणाले.

दुकानात छतापर्यंत तेलाचे डबे, दारावर तेलाची पाटी, गल्लीभर तेलाचा वास, आणि आत बसलेला माणूस म्हणतोय, तेल नाही देणार. मी शाळेची साडी नेसून, नव्याने हाती आलेली गाडीची किल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी बोटाभोवती फिरवत उभी होते. किल्ली फिरायची थांबली.

साल दोन हजार सहा असेल, नाहीतर सात. उल्हासनगरचा कॅम्प तीन. दोन्ही बाजूंना जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांची खडखड, हवेत निळी कुसं, आणि मधोमध हे बोळासारखं अरुंद दुकान. काका सिंधी, साठीच्या पुढचे, सडसडीत. अंगात पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. दिवसभर इंजिन ऑइलमध्ये हात, पण शर्टावर डाग म्हणून नाही. मी पुढे तीन वर्षं त्या शर्टावर डाग शोधत राहिले. एकदाच सापडला, आणि तो कसा पडला तेच मला सांगायचंय.

तर त्या पहिल्या दिवशीचा माझा गुन्हा एवढाच, की मी म्हणाले होते, "काका, मेकॅनिकने सांगितलंय, चांगलं जाडवालं तेल आणा."

"जाडवालं!" काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ट्रकमध्ये जाड, टेम्पोमध्ये जाड, ट्रॅक्टरमध्ये जाड. तू काय करते? टीचर आहे ना? तुझ्या शाळेत पहिलीच्या पोराला आणि दहावीच्या पोराला एकाच मापाची चड्डी देते काय?"

बाहेर उभा असलेला रिक्षावाला फिस्सकन हसला. मी लाल झाले.

"जा," काका म्हणाले. "गाडीचं पुस्तक घेऊन ये. मग बोलू."

गाडीला पुस्तक असतं हे मला त्या दिवशी कळलं. माझी गाडी छोटी, पांढरी, आणि माझ्या आधीच्या तीन मालकांना कंटाळलेली. पुस्तक तिच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत होतं. तिघांपैकी एकानेही ती उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी काकांनी हात धुतले, पुसले, पुस्तक उघडलं आणि पोथी वाचावी तसं बोट फिरवत वाचलं. मग माझी चौकशी सुरू झाली. गाडी कोण चालवतं? कुठून कुठे? किती वाजता? पोचल्यावर किती वेळ उभी राहते? सिग्नलला इंजिन बंद करते की चालू ठेवते? चढावर कितव्या गिअरमध्ये घेते? लग्न ठरवताना माझ्या सासरच्यांनी एवढं विचारलं नव्हतं.

आणि त्या चौकशीत माझ्या तोंडून ते निघालं. गाडी मी हौसेसाठी घेतली नव्हती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे बदलापूर गावात राहत. अंबरनाथच्या एका कारखान्यात जन्मभर टर्नर. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या मूत्रपिंडांनीही निवृत्ती घेतली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी नऊला उल्हासनगरात डायलिसिस. रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांच्या पायांत गोळे यायचे. म्हणून गाडी. माझी शाळा दुपारची, म्हणून ड्रायव्हर मी.

काकांनी लिहिणं थांबवलं. वहीत माझ्या गाडीच्या नंबरापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'मं, गु, श. आठला निघते. नऊला मशीन.' त्याखाली त्यांनी जाड रेघ मारली.

"ही गाडी बंद पडायला नको," ते म्हणाले. "आता ऐक. रातभर गाडी उभी, तेल सगळं खाली चेंबरमध्ये बसलेलं. सकाळी किल्ली फिरवली की त्याने वरपर्यंत धावायचं. तो लाल दिवा लागतो ना, तेलाच्या कॅनचा? तीन सेकंदांत विझला पाहिजे. इंजिन झिजतं ते तिथे, त्या तीन सेकंदांत. घाटात नाही झिजत. आणि जाड तेल म्हणजे लग्नातला मामा. निघतो, निघतो म्हणतो, पोचेपर्यंत अक्षता पडून जातात."

मग त्यांनी फळीच्या पार मागच्या टोकाचा, धूळ बसलेला डबा काढला. पातळ तेल. त्या अख्ख्या बाजारात ते तेल कोणी मागत नसे. पण पुस्तकात तेच होतं.

* * *

डबा हातात मिळाला असं समजू नका. काका डबा कुणाच्या हातात देत नसत. तेल ते स्वतः, दुकानासमोर, तुमच्या डोळ्यांदेखत ओतणार. लाल प्लास्टिकचं नरसाळं, त्याच्या तोंडाशी जाळी. जुनं तेल काढण्याआधी तेल मोजायची पट्टी ओढून त्याचा एक थेंब टीपकागदावर. थेंब पसरेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. मग तो कागद वहीत डकवायचा, खाली गाडीचा नंबर. शेकडो गाड्यांचे थेंब होते त्या वहीत. मधे काळा ठिपका, भोवती तपकिरी कडं, त्याबाहेर पिवळट कडं.

"हा बघ," एकदा एका डॉक्टरच्या गाडीचा थेंब त्यांनी मला दाखवला. "हा माणूस घाईवाला. गाडी गरम व्हायच्या आधीच बंद करतो. आणि हा बघ, केवढा साफ. हा रिटायर आदमी, याला बायको घाई करत नाही."

"आणि मी?"

"तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवते. ते थेंबात नाही दिसत, चपलीवर दिसतं."

आणि सगळं झाल्यावर, दाभण. पोती शिवायची असते तसली, लाकडी मुठीची. रिकामा प्लास्टिकचा डबा उलटा करायचा, तळ उजेडाकडे धरून नीट बघायचा, आणि मग खच्, खच्, खच्. तळाला तीन भोकं, त्रिकोणात. मगच तो डबा भंगारात जाणार.

कारण असं, की भंगारातले रिकामे डबे कुठेतरी जायचे, त्यात जळकं तेल गाळून भरलं जायचं, वर नवं सील लागायचं आणि ते पुन्हा बाजारात यायचे. बाहेरचे लोक नकली वस्तू दिसली की डोळा मारून म्हणायचे, "उल्हासनगरचा माल का?" काकांसमोर एका मुंबईच्या गिऱ्हाइकाने हे म्हटलं तेव्हा मी तिथे होते. काकांनी त्याच्या गाडीत ओतायला घेतलेलं नरसाळं बाहेर काढलं, बॉनेट हलकेच बंद केलं आणि म्हणाले, "साईं, तुम्ही मुंबईचा माल घ्या." त्याने पुष्कळ विनवण्या केल्या. बॉनेट उघडलं नाही.

"माझ्या दुकानातून गेलेल्या डब्यात दुसऱ्यांदा तेल नाही भरणार कोणी," ते म्हणत. एवढा एकच अभिमान होता त्यांना, पण तो दुकानापेक्षा मोठा होता.

अण्णांना मात्र हा माणूस पटायचा नाही. म्हणजे, पटायचा नाही असं दाखवायचे. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, त्यांचा जीव जाड तेलात. डायलिसिसहून परतताना आम्ही दुकानापाशी थांबलो की गाडीत मागे रेललेले अण्णा काच खाली करून सुरू करत.

"शेट, पाणी विकताय का अजून?"

"पाणी नाही, अण्णा. पातळ तेल."

"आमच्याकडं जाड तेल पडलं की मशीन गप व्हायची."

"गप झाली म्हणजे बरी झाली काय? तुम्ही पण सुई टोचल्यावर गप होता."

अण्णांना एवढं हजरजबाबी कोणी भेटलं नव्हतं. पुढच्या वेळी ते आठवडाभर तयारी करून यायचे. वर, भोकं पाडलेला डबा ते मागून घ्यायचे. काकांना हे अजिबात मंजूर नव्हतं, डबा भंगारात जाणार नाही तर कुठे जाणार? मग अण्णांनी घरून निरोप पाठवला, की वरचा भाग कापून त्यात ओवा लावलाय, आणि कुंडीला तळाला भोकं लागतातच, ती तुम्ही आयती पाडून देता. काकांनी मला तीनदा विचारलं, "वरून कापलाय ना? नक्की?" त्यानंतर आमच्या गाडीचा डबा अण्णांचा ठरला. आमच्या गॅलरीत ओवा, पुदिना, गवती चहा, सगळं इंजिन ऑइलच्या डब्यांत.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी काका हसले.

थंडीचे दिवस होते. तेल बदलायची वेळ झाली होती. आम्ही मशीनवरून परतत होतो. अण्णा दमलेले, पण जिभेला दम लागलेला नव्हता. काकांनी जुनं काळं तेल काढलं, नवं ओतलं, पुसत पुसत नेहमीचं पालुपद म्हणाले, "सहा महिन्यांनी परत बदलायचं, टीचर. विसरायचं नाही."

मागून आवाज आला, "शेट, तुमचं गिऱ्हाईक नशीबवान. सहा महिन्यांनी एकदा! माझं आठवड्यातून तीनदा बदलतात, आणि भोकं पण रोज नवी."

काकांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एका हाताने बॉनेटला धरून. हसता हसताच त्यांनी रिकामा डबा उलटा केला, खच् खच् खच् केलं आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

* * *

आता सोळा दिवस पुढे चला. शनिवार. गुरुवारी सेंटरमधलं मशीन बिघडलं होतं, त्यामुळे अण्णांची एक पाळी चुकलेली. म्हणजे मंगळवारनंतर थेट शनिवार. पाय सुजून चपलेत जाईनात. शुक्रवारची रात्र त्यांनी उशीला टेकून, बसून काढली, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. सकाळी मी सेंटरला फोन केला तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "सव्वानऊपर्यंत आणा, ताई. दोन दिवसांची गर्दी आहे. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला द्यावं लागेल, मग संध्याकाळीच." मी अण्णांकडे पाहिलं. संध्याकाळ खूप लांब होती.

त्यात रिक्षांचा बंद.

आठला पाच कमी असताना मी किल्ली फिरवली. लाल दिवा विझायला वेळ लागला. मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

"कोरडा आवाज येतोय," मागून अण्णा म्हणाले. बोलताना दोन शब्दांमध्ये थांबत होते. "टकटक. वरनं."

"थंडी आहे अण्णा, होईल नीट."

"थंडीचा नाही. कोरडा आहे."

मी रेडिओ लावला. हो, लावला. माणूस घाबरला की असलं काहीतरी करतो.

गावातून बाहेर पडलो आणि माझ्या पर्समधला मोबाइल वाजायला लागला. पर्स मागे, अण्णांच्या पायाशी. वाजला, थांबला. वाजला, थांबला. अण्णांना वाकता येत नव्हतं, मला थांबायचं नव्हतं.

"शाळेतनं असेल," अण्णा म्हणाले.

"शाळा दुपारी आहे."

सातव्यांदा वाजला तेव्हा आम्ही चिखलोलीच्या चढाला होतो. नव्या इमारतींचे सांगाडे, मधे मोकळं रान, आणि माझ्या समोर, स्टिअरिंगच्या मागे, तो लाल दिवा लागला. गाडी चालू असताना. विझला. पुन्हा लागला. टकटक आता मलाही ऐकू येत होती, रेडिओवरूनही.

आणि चढ संपतो तिथे, रस्त्याच्या मधोमध, एक म्हातारा माणूस उभा. पांढरा शर्ट. बाजूला आडवी टाकलेली स्कूटर. आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं लाल नरसाळं.

मी ब्रेक दाबला. त्याबाबतीत माझा पाय तयारच असायचा.

"बंद कर!" काका ओरडले. "इंजिन बंद कर! दिवा लागला?"

"आत्ताच लागला. काका, तुम्ही इथे कसे—"

"एक फर्लांग पण नाही न्यायची आता." ते खिडकीशी आले. धापा टाकत होते. पिशवीतून त्यांनी एक भरलेला, सीलबंद डबा काढला, माझ्यासमोर उलटा धरला. तळाला तीन ठिपके. चकचकीत, वितळवून बुजवलेले. त्रिकोणात.

"माझी भोकं," काका म्हणाले. "माझ्याच दाभणीची. कोणी तरी गरम सळईने बंद केली, घाण भरली, पातळ तेलाचं लेबल आणि सील लावलं आणि मलाच खोकंभर विकलं. सकाळी दुकान उघडलं, फळी पुसताना हाताला लागलं, तेव्हापासून तुला फोन लावतोय. त्या खोक्यातला एकच डबा गेलाय. पातळ तेल दुसरं कोण घेतो? तुझा डबा, टीचर."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

"तुम्ही तळ बघता ना? दर वेळी बघता! त्या दिवशी का नाही बघितला?"

काकांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हसलो मी," ते म्हणाले.

आठ वाजून बावीस मिनिटं. मी रस्त्यावर उभी राहून हात केला. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी थांबली नाही. तिसरी थांबली, ती माणसांनी भरलेली होती. स्कूटरवर अण्णांना बसवायचा प्रश्नच नव्हता, त्यांना मान सरळ धरवत नव्हती. मागे वळून पाहते तर काका गाडीखाली. गाडी त्यांनी आधीच माझ्याकडून ढकलून कडेला, पुढची चाकं दोन दगडांवर घेतली होती, चेंबरखाली स्कूटरवरून आणलेलं घमेलं सरकवलं होतं, आणि पांढऱ्या शर्टानिशी, पाठीवर, डांबरावर.

बोल्ट सुटला. जे बाहेर आलं ते तेल म्हणवत नव्हतं. सोळा दिवसांत काकवीसारखं काळं, आणि वास जळक्या रबराचा. आधी धार, मग दोरा, मग थेंब. थेंब. थेंब.

"झालं, काका! लावा बोल्ट!"

"थांब."

"साडेआठ वाजले!"

"आत राहिलं तर नवीन पण नासवेल. थांब."

"काका, अण्णांना श्वास लागलाय! तुम्हाला दिसतंय का तिकडून?"

गाडीखालून फक्त थेंब. मी घड्याळाकडे बघत होते, अण्णा माझ्याकडे. त्यांच्या छातीचा आवाज मला रस्त्यावर ऐकू येत होता. त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटलं. धरला असता, तो गाडीखाली नसता तर.

शेवटी बोल्ट आवळला. फिल्टर बदलला, गरम होता, त्यांची बोटं भाजली असणार. मग ते बाहेर आले. पाठ, बाही, कॉलर, सगळा शर्ट काळा. पिशवीतून दुसरा डबा काढून ते बॉनेटपाशी आले, आणि मी आडवी आले.

"हा कुठला?"

"जुना माल. त्या खोक्यातला नाही."

"कशावरून? याच फळीवरचा ना? तोही सीलबंद होता, हाही सीलबंद आहे!"

काकांनी डबा उलटा करून दाखवला. तळ कोरा होता. पण मला आता कोऱ्या तळाचीही खात्री वाटेना. सगळ्या बाजाराला प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाने डबा सरळ केला आणि एक पाऊल मागे घेतलं.

"मी सांगतो म्हणून नको टाकू," ते हळूच म्हणाले. "आज मी सांगितलेलं खरं नाही धरायचं."

आठ चाळीस.

"इकडं आण," मागून आवाज आला.

अण्णांनी काचेतून हात बाहेर काढला होता. उजवा, ज्याच्यावर सुया नव्हत्या. काकांनी सील तोडलं आणि त्यांच्या बोटांवर थेंब टाकला. अण्णांनी तो अंगठ्याने घोळवला. बोटं लांब केली, तार किती ताणते ते पाहिलं. नाकाशी नेला. डोळे मिटले. चाळीस वर्षं त्या बोटांनी तेल ओळखलं होतं, आणि गेलं वर्षभर त्या माणसाला कोणी काही ओळखायला सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना उचलायचो, बसवायचो, मशीनला लावायचो, परत आणायचो. आता रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

"पातळ आहे," अण्णा म्हणाले.

काकांनी श्वास रोखला.

"बरोबर आहे. टाक."

तेल ओतलं. काकांनी पट्टी ओढून पाहिली, मान हलवली. मी आत बसून किल्ली फिरवली. लाल दिवा. एक. दोन. गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं, अण्णासुद्धा. तीन.

विझला. टकटक दोन क्षण राहिली आणि मग तीही गेली.

मी गिअर टाकणार तोच अण्णा म्हणाले, "शेट, डबा."

"अण्णा, आता डबा कसला!"

"डबा माझा असतो."

काकांनी खिशातून दाभण काढली. डबा उलटा केला, उजेडाकडे धरला आणि तळ इतका वेळ पाहिला की मी हॉर्न वाजवला. मग खच्. खच्. खच्. आणि खिडकीतून आत.

सेंटरच्या दारात पोचलो तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. सिस्टर दारातच उभ्या होत्या, व्हीलचेअर घेऊन. अण्णा डबा मांडीवर घेऊनच आत गेले. अर्ध्या तासाने त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, "ताई, तुमचे कोणी काका आहेत का? फोन आला होता. एवढंच विचारलं, 'पोचले?' मी 'हो, नऊ बाराला' म्हटलं, तर ठेवून दिला."

* * *

त्यानंतर काकांनी डब्यांना भोकं पाडणं बंद केलं. करवतीने मधोमध कापायला लागले. फक्त आमचा डबा अपवाद, त्याला दाभणच. वहीत त्या शनिवारचा थेंब डकवलेला मी पाहिला आहे. घट्ट काळा गोळा, कडं नाहीच. खाली माझ्या गाडीचा नंबर नाही. काकांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे: 'पोचले. नऊ बारा.' शर्ट नवा आला. पण दाभण हातात असताना ते कधी हसले नाहीत. अण्णांनी पुष्कळ प्रयत्न केले. दाभण खाली ठेवेपर्यंत काका दात आवळून थांबायचे आणि मग हसायचे, तेव्हा अण्णा म्हणायचे, "शेट, तुमचा पण दिवा तीन सेकंदांनीच विझतो."

अण्णा त्यानंतर दीड वर्ष होते. गेले ते घरी, गॅलरीतल्या खुर्चीत, ओव्याजवळ.

महिन्याभराने मी दुकानात गेले. मागच्या तेलाला सहा महिने झाले होते, तेल बदलायचं होतं. काकांनी मला बसायला स्टूल दिलं, वही उघडली आणि अनोळखी गिऱ्हाईक आल्यासारखे विचारायला लागले. गाडी कोण चालवतं?

"मीच."

"कुठून कुठे?"

मी वाकून पाहिलं. वहीत माझ्या नंबरापुढे अजून लिहिलेलं होतं, मं, गु, श.

"महिन्यात किती चालली?"

"उभी आहे. आज पहिल्यांदा काढली."

काकांनी वही मिटली. "तेल नाही देणार," ते म्हणाले.

"काका, सहा महिने—"

"तेल नाही पाहिजे तिला. उभी गाडी आतून गंजते. रोज काढ. पंधरा मिनिटं तरी, गरम होईपर्यंत. महिन्याने ये, मग थेंब बघू."

"पण जाऊ कुठे?"

काकांनी थोडा विचार केला. गिऱ्हाइकाला रस्ता सांगायचीही त्यांना जबाबदारी वाटत असणार.

"चिखलोलीपर्यंत जा," ते म्हणाले. "परत ये."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी आठला मी गाडीत बसले. मागच्या सीटवर उशी तशीच होती. किल्ली फिरवली, दिवा मोजला. चढ चढले, आणि तो संपतो तिथे, त्या दोन दगडांपाशी, गाडी कडेला घेतली. मागे पर्समध्ये मोबाइल वाजायला लागला. या वेळी मी थांबलेलीच होते, हात मागे घालून उचलला.

"पोचली?" काकांनी विचारलं.

"पोचले, काका," मी म्हणाले.

त्यांनी ठेवून दिला.